बोडीपारचा बंब

गोंदियाच्या नगरपालिकेत त्या काळी जे मेंबर बसत, त्यांतल्या बऱ्याच जणांना आपण कशासाठी निवडून आलो हे धड सांगता आलं नसतं. कोणाची राइस मिल होती, कोणाच्या बापाचं नाव होतं, कोणाला नुसतंच घरी करमत नव्हतं. केवळराम बिसेनचं तसं नव्हतं. तो एकाच गोष्टीसाठी निवडून आला होता, आणि ती गोष्ट त्याने चहाच्या टपरीपासून तेरवीच्या पंगतीपर्यंत सगळीकडे, कोणी विचारो न विचारो, ऐकवून ठेवली होती. शहराला आगीचा बंब पाहिजे. रस्ता, दिवाबत्ती, नाली, यांतलं त्याला काही नको होतं. लोकांनी त्याचं नाव बंबमेंबर पाडलं. त्याला त्याचा राग येत नसे, कारण त्याची बायको आगीत गेली होती.

तो राहायचा बोडीपारला. मिलांच्या मागे शिंगाड्याची बोडी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तिच्या पाळीला लागून कुडाच्या भिंतींच्या आणि गवती छपरांच्या घरांची एक लांब ओळ होती. ओळीत अर्धे ढिवर, ते बोडीत शिंगाडे लावत आणि मासे धरत. बाकी मिलमधले हमाल, बिड्या वळणाऱ्या बाया आणि केवळरामसारखे दोन-चार शेतकरी, ज्यांची धानाची बांधी कुडवा गावाकडे पण बिऱ्हाड शहरात. जागा सरकारी होती. पट्टा, म्हणजे जागेचा कागद, कोणाकडे नव्हता आणि आजोबापणजोबांपासून कोणी तो मागितलाही नव्हता.

स्वराज्य येऊन दोन-तीन उन्हाळे झाले असतील, तेव्हा ओळीच्या एका टोकाला आग लागली. केवळरामची बायको निर्मलाबाई सुखरूप बाहेर आली होती. मग तिला गोठ्यात बांधलेली म्हशीची वगार आठवली, ती परत आत गेली आणि छप्पर खाली आलं. शेजारच्या भोजराज ढिवराने ओलं पोतं अंगावर घेऊन तिला बाहेर काढलं, पण तोवर उशीर झाला होता. बोडीपारचे लोक पाळीपासून रांग करून उभे राहिले. हंडे, घागरी, टिनाचे डबे, जे हाताला लागलं ते या हातातून त्या हातात जात राहिलं आणि तीन घरांवर आग थांबली. बाकी अख्खी ओळ वाचली. बोडीने ओळ वाचवली असं खरं तर म्हणायला हवं होतं, पण कोणी म्हटलं नाही. केवळरामला तर वाचलेली घरं दिसतच नव्हती. एक हंडा पाण्यापासून आगीपर्यंत किती हळू येतो, एवढंच त्याने पाहिलं होतं. त्याच्या मनाने घेतलं की हे हातांचं काम नव्हे, याला यंत्र पाहिजे.

निवडून यायच्या आधीपासूनच तो ओळीचा फुकटचा कोतवाल झाला होता. चैत्र लागला की रोज सकाळी हातात काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे. ऊन चढायच्या आत सगळ्यांच्या चुली विझल्या पाहिजेत. प्रत्येक दारासमोर दोन मडकी भरलेली पाहिजेत. लग्नाचा मांडव असेल तर वऱ्हाड गेलं की लगेच उतरवा, जांभळीचे डहाळे वाळू देऊ नका. बाया वैतागत.

"केवळभाऊ, जावाई आला आहे दुपारचा. त्याले ताता भात घालू का नाई?"

"घाल ना. पहाटेचा घाल."

"पहाटेचा दुपारी ताता कसा राहीन?"

"मंग जावयाले सांग, पुढच्या बारीले पहाटेच येत जा म्हनून."

हसत हसत का होईना, लोक ऐकत. मडकी भरायला कष्टही नव्हते. दाराबाहेर पाऊल टाकलं की बोडी.

नगरपालिकेत मात्र हसण्यावारीच गेलं. अध्यक्ष गुलाबचंद शेठ मिलवाले होते, गोड बोलणारे, आणि खरोखरच मनाने वाईट नव्हते. "केवळरामजी, बंब तो आना ही चाहिए," ते दर बैठकीत म्हणत, "लेकिन तिजोरी खाली है, क्या करें?" आणि पुढचा विषय घेत. असं दोन वर्षं चाललं. मग एका बैठकीत शेठजींनी स्वतःच बंबाचा विषय काढला, तेव्हा केवळराम खुर्चीत सरळ होऊन बसला. शेठजींचं म्हणणं असं होतं की शहर वाढतंय, बाजाराला जागा नाही. शिंगाड्याची बोडी पालिकेची आहे. ती बुजवू, गाळे पाडू, लिलाव करू आणि त्या पैशातून पहिल्याने, सगळ्यांच्या आधी, केवळरामजींचा बंब आणू.

टाळ्या पडल्या. केवळरामने टाळी वाजवायला हात उचलले आणि मध्येच थांबला.

"अध्यक्षसाहेब, बंबाले पानी कुठून आनाचं?"

प्रश्न त्याने विचारला होता, हे पुढे कोणाच्या लक्षात राहिलं नाही, त्याच्या स्वतःच्या मात्र राहिलं. पालिकेचे ओव्हरसियर नंदलाल उठले. त्यांनी नकाशा उलगडला. नळयोजना नागपूरला मंजुरीत होती. नदीवरून पाणी येणार, टाकी होणार, आणि चौकाचौकात लोखंडी खांब बसणार. खांबाला बंबाची नळी जोडायची, चाक फिरवायचं, की हवं तेवढं पाणी. "बोडी का गंदा पानी किस काम का, केवळरामजी? उससे तो पंप में कीचड़ जाएगा."

नकाशावर खांबांच्या जागी लाल टिंबं होती. एक टिंब बोडीपारच्या तोंडाशीही होतं. केवळरामने ते बोटाने दाबून पाहिलं.

घरी आल्यावर त्याने पोरीला सांगितलं. प्रेमिला त्याची एकुलती एक. तिचा नवरा जागेश्वर सालेकशाकडचा, मिलमध्ये पोती वाहायचा आणि सासऱ्याच्या शेजारीच घर करून राहिला होता, म्हणून ओळीत त्याची घरजावई म्हणून थट्टा होई. प्रेमिला भाकरी थापत होती.

"बंब येते ना पक्का?" तिने विचारलं.

"येते."

"मंग बुजवू द्या ना बोडी. बंब असता तं माय वाचली असती."

हे वाक्य केवळराम स्वतःशी इतक्यांदा बोलला होता की पोरीच्या तोंडून ऐकल्यावर त्याला पुढे विचार करायची गरजच वाटली नाही. पुढच्या बैठकीत बोडी बुजवायच्या ठरावाला त्यानेही हात वर केला.

ढिवरांनी विरोध केला. साहजिक होतं, त्यांच्या तोंडचा घास जात होता. सगळ्यांच्या वतीने भोजराज आला आणि उंबऱ्याशी टेकला.

"आमचे शिंगाडे गेले, केवळभाऊ. आमी खावाचं काय?"

"शिंगाड्यापायी मानसं जाळू का, भोजराज? तूच सांग. तूच बाहेर काढलं होतं ना तिले."

भोजराजने मान खाली घातली. त्या दिवशी भाजलेले त्याचे हात अजून चट्ट्यांनी भरलेले होते. तो बराच वेळ ते हात चोळत बसला. मग म्हणाला, "तुमी म्हनता तं बराबरच असन," आणि उठून गेला. ढिवरांची तक्रार तिथेच संपली. केवळरामला वाटलं आपण त्याला पटवून दिलं. त्याने भोजराजला पटवलं नव्हतं, त्याचं तोंड बंद केलं होतं. पण ते कळायला त्याला फार वेळ लागायचा होता.

शेठजींनी लिलावाच्या भरवशावर उसने पैसे उभे केले आणि बंब मालगाडीच्या उघड्या डब्यातून आला. लाल रंग, पितळेची घंटा, मागे गुंडाळलेली नळी. अख्खं शहर स्टेशनावर लोटलं. चुन्नीलाल नावाचा माणूस नागपूरला शिकून ड्रायव्हर होऊन आला होता. खाकी कपडे, टोपी, आणि बंबाच्या अंगावर माशी बसू देत नसे. बोडीपारला बंब आणला तेव्हा प्रेमिलाने त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. चुन्नीलालने नळी बोडीत सोडली, घंटा वाजवली आणि पाण्याची धार मिलच्या धुराड्याच्या अर्ध्यापर्यंत उडवली. पोरं खाली नाचत होती. केवळराम रडला. पन्नाशीचा माणूस चारचौघांत रडतो म्हणून कोणी हसलं नाही.

आणि बंबाचं पहिलं काम काय होतं, तर बोडी उपसायचं. लिलावाची घाई होती. पुढचा आठवडाभर चुन्नीलाल रोज सकाळी बंब पाळीवर उभा करी आणि पाणी नालीत सोडी. ढिवर चिखलात उतरून मासे हातांनी गोळा करत होते. केवळरामने तेही उभं राहून पाहिलं. यंत्र किती जोरकस आहे, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. मग मिलांची राख आणि कोंडा भरलेल्या बैलगाड्या आल्या, वरून मुरूम आला, आणि वर्षाच्या आत नवा बाजार उभा राहिला. कापडाची दुकानं, किराणा, मागे गोदामं. चांगला बाजार झाला, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

नळयोजना नागपूरच्या कचेरीत होती ती होतीच. मग राज्यांची फेरमांडणी झाली, आपला मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आणि फायली नागपूरहून मुंबईला गेल्या. कुठली कुठे गेली हे कोणाला सांगता येईना. केवळराम दर बैठकीत विचारी. नंदलाल दर बैठकीत सांगत, "बम्बई लिखा है." एकदा तर शेठजींनी स्वतः तार केली. त्यात खोटेपणा नव्हता. पाणी मात्र आलं नाही.

आणि बोडीपार बदललं. बाईला आता पाण्यासाठी बाजाराला वळसा घालून, रेल्वेची पटरी ओलांडून पलीकडच्या तलावावर जावं लागे. ओळीत एक विहीर होती, तिला चैत्रात गाळ लागे. एवढ्या लांबून डोक्यावर आणलेलं पाणी दारात मडक्यात भरून ठेवायचं आणि ते कावळ्यांनी प्यायचं, हे कोण करणार? पहिल्या उन्हाळ्यात मडकी अर्धी झाली, दुसऱ्यात कोरडी, तिसऱ्यात त्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. केवळरामने काठी घेऊन फिरायचं सोडलं. सोडलं म्हणजे काय, एक दिवस पाय दुखत होता म्हणून गेला नाही, मग दुसऱ्या दिवशी वाटलं, आता कशाला? बंब आहे ना. पालिकेच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा होता, आणि घंटा वाजल्यावर किती झटकन निघतो हे चुन्नीलालने दोनदा दाखवलंही होतं. केवळरामला कितीतरी वर्षांनी उन्हाळ्यात झोप लागू लागली.

त्या वैशाखात भोजराजच्या पोरीचं लग्न झालं. शिंगाडे गेल्यावर भोजराज मिलमध्ये कोंडा भरायला जात होता. त्या मजुरीतही त्याने लग्न हौसेने केलं. त्याच्या दारापासून समोरच्या घरापर्यंत, गल्लीच्या आरपार मांडव घातला, बांबूचा, वर जांभळीचे हिरवेगार डहाळे. मांडवाच्या कडा दोन्हीकडच्या छपरांवर टेकल्या होत्या. लग्न लागलं, वऱ्हाड गेलं. आमच्याकडे पोरगी परतनीला, म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा, माहेरी येईपर्यंत मांडव उतरवत नाहीत. तिने गेली तशीच मांडवाखालून घरात यावं, अशी आईबापांची इच्छा असते. पूर्वी केवळरामने ही इच्छा कोणाची चालू दिली नव्हती.

परतनीच्या आदल्या दिवशी तो भोजराजच्या दारावरून जात होता. वरचे डहाळे तपकिरी झाले होते आणि वाऱ्याने पानं खुळखुळत होती. तो थांबला. भोजराजला त्याचं थांबणं कळलं. तो आपणच पुढे आला.

"सोडू का मांडव, केवळभाऊ? म्हनत असाल तं आताच सोडतो."

केवळरामने वर पाहिलं आणि मग भोजराजच्या हातांकडे पाहिलं. या माणसाकडून आपण आधीच बोडी घेतली. आता त्याच्या पोरीचा मांडवही घ्यायचा का, असं त्याच्या मनात आलं. ते अगदी माणुसकीचं होतं, म्हणूनच त्याला त्यात चूक दिसली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "पोरगी येऊन जाऊ दे. कायले घाई? बंब आहे ना आता."

भोजराज हसला. तो इतक्या मोकळेपणाने हसलेला केवळरामने बोडी बुजल्यापासून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे सकाळी येणार होते, त्यांचं येणं गाडी चुकल्याने दुपारवर गेलं. भोजराजची बायको देवकाबाई हिने मांडवाखालीच चूल मांडली होती. ऊन डोक्यावर, पाहुणे दारात येऊन ठेपणार, आणि वडे अजून तळायचे. कढईतलं तेल पेटलं की चुलीतली ठिणगी उडाली, हे देवकाबाईला पुढे कधीच सांगता आलं नाही. तिने वर पाहिलं तेव्हा मांडव पेटला होता. मांडवाने क्षणभरात दोन्हीकडची छपरं धरली आणि वैशाखाच्या वाऱ्याने पुढचं काम केलं.

केवळराम बाजारात होता. धूर पाहिला आणि तो ओळीकडे नाही, पालिकेकडे धावला. पण तो अर्ध्या वाटेवर असतानाच घंटा ऐकू आली. चुन्नीलाल निघाला होता. बंब त्याच्या बाजूने गेला तेव्हा केवळरामने दोन्ही हात वर केले, आणि आता सांगायला हरकत नाही, त्या क्षणी त्याला भीती नव्हती. त्याला वाटलं, हाच तो दिवस. यासाठीच सगळं केलं.

बंब वेळेवर पोहोचला. चुन्नीलालच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. बंबाच्या पोटात थोडं पाणी असे, ते त्याने नेमकं पहिल्या तीन घरांवर मारलं आणि तीन घरं वाफ सोडून काळी पडली. मग पाणी संपलं. चुन्नीलालने नागपूरला शिकल्याप्रमाणे जाड नळी खांद्यावर घेतली आणि बोडीच्या दिशेने धावला. सवय होती ती. समोर कापडाच्या दुकानाची भिंत आली. तो नळी घेऊन त्या भिंतीसमोर उभा राहिला, तोवर केवळराम बंबामागून धावत येऊन पोहोचला होता.

"विहीर!" केवळराम ओरडला. "विहिरीत टाक!"

नळी विहिरीत गेली. पंपाने दोन उचक्या दिल्या, चिखलाचा लपका ओकला आणि बंद पडला. चुन्नीलाल त्याला लाथा मारू लागला, मग रडत रडत साफ करू लागला. पंप चालू झाल्यावर तो बंब घेऊन पटरीपलीकडच्या तलावाकडे गेला, भरून आणायला. लोकांनी सवयीने दारातली मडकी उचलली. त्यांतून अंडी पडली.

भोजराज विळा घेऊन मांडवावर चढला होता. मधल्या दोऱ्या कापल्या तर मांडव खाली पडेल, निदान पुढची छपरं धरणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. दोन दोऱ्या त्याने कापल्या. तिसरीला हात घातला तेव्हा मांडव त्याच्यासकट खाली आला. केवळराम त्याला बाहेर ओढायला गेला, जागेश्वरने केवळरामला मागे ओढलं. भोजराजला दवाखान्यात नेलं, संध्याकाळी तिथेच त्याचा जीव गेला. तोवर चुन्नीलाल तलावावरून भरलेला बंब घेऊन परत आला होता. पण विझवायला काही राहिलं नव्हतं. त्याने ते पाणी बाजाराच्या भिंतींवर मारलं, त्या तापल्या होत्या म्हणून.

प्रेमिला, तिची तान्ही पोरगी आणि जागेश्वर वाचले. घर गेलं, केवळरामचंही गेलं. सगळ्या ओळीत एक छप्पर शिल्लक नव्हतं. लोकांना शाळेच्या आवारात उतरवलं. शेठजींनी आपल्या मिलमधून तांदूळ पाठवला आणि स्वतः येऊन वाढला.

तेराव्याच्या आत पालिकेची खास बैठक झाली. शेठजींनी भोजराजचं नाव घेतलं, दोन मिनिटं सगळे उभे राहिले. बसल्यावर केवळराम बसला नाही. त्याच्या आयुष्यात तो असा बोलला नव्हता.

"बंब देल्ला तुमी. पानी नाई देल्लं. मीबी नाई मांगलं, मीबी तुमच्यासंगच हात वर केला. पन आता दुसरा कोनताच विषय घेऊ नका. पहिले पानी. बंबाजवळ पानी पाह्यजे. मुंबईवाल्याची वाट पाहू नका. खना, तळं खना, टाकं खना, पावसाच्या आधी खना. नाई तं हे मेंबरकी घेऊन टाका माही."

कोणी विरोध केला नाही. विरोध तर सोडाच, बाजारातल्या दुकानदारांचे मेंबर त्याच्यापेक्षा जोरात बोलले. भिंती तापल्या होत्या त्यांच्या. आग आणखी थोडा वेळ चालली असती तर गोदामं गेली असती. "केवळरामजी बिल्कुल ठीक कह रहे हैं," शेठजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते खरं होतं. "पानी के बिना बंब किस काम का? इसी गर्मी में तालाब खुदेगा. आज ही ठराव करो."

केवळराम खाली बसला. इतक्या वर्षांत त्याचं म्हणणं एका दमात मान्य झालेली ही पहिली बैठक होती.

"जगह?" कोणीतरी विचारलं.

नंदलालनी नकाशा उलगडला. सगळे वाकले. शहरात मोकळी सरकारी जागा कुठे होती? इकडे मिल, तिकडे रेल्वे, मध्ये बाजार. नंदलालचं बोट फिरत फिरत एका लांबट पट्ट्यावर थांबलं. बाजाराच्या अगदी मागे, सखल जमीन, पावसाचं पाणी आपोआप उतरेल अशी. आणि सध्या मोकळी.

केवळरामला एकदम कळलं नाही. मग त्याने टिंब ओळखलं. त्यानेच ते एकदा बोटाने दाबलं होतं.

"तिथं मानसं राहतात," तो म्हणाला.

"रहते थे, केवळरामजी," नंदलाल हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ते बोलायला जड जात होतं. "अब वहाँ क्या है?"

"पट्टा किसी के पास नहीं," दुसरा एक जण म्हणाला.

शेठजींनी केवळरामच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना वाऱ्यावर सोडणार नव्हते. कुडव्याच्या पलीकडे माळ होता, तिथे प्रत्येकाला जागा मिळणार होती, यावेळी पट्ट्यासकट. केवळरामने विचारलं, तिकडे पाणी आहे का? योजनेत धरू, असं नंदलाल म्हणाले. बंब तिकडे येईल का? मध्ये नाला होता, नाल्यावर पूल नव्हता. पूलही योजनेत धरू, असं ठरलं. ठराव केवळरामच्या नावाने लिहिला गेला, कारण मागणी त्याची होती. मतं घेतली तेव्हा त्याचा हात टेबलाखालीच राहिला. त्यामुळे फरक पडला नाही. एकाने तर नोंदवहीत ठराव एकमताने मंजूर असं लिहा म्हणून सुचवलं आणि केवळरामने त्यालाही काही म्हटलं नाही.

बाहेर ऊन होतं. तो ओळीकडे चालत गेला. लोक शाळेतून परतू लागले होते. काळ्या जमिनीवर जो तो आपापल्या चौकटीची खूण शोधत होता. देवकाबाई घराच्या जागी बसून भांडी वेगळी काढत होती. तिची पोरगी, जिच्या परतनीसाठी मांडव ठेवला होता, ती तिच्या बाजूला होती. देवकाबाईने केवळरामला पाहून डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

प्रेमिला राख झाडून जमीन सारवत होती. जागेश्वरने जंगलातून चार नवे बांबू आणले होते. चारही कोपऱ्यांत खड्डे घेऊन त्याने ते रोवले होते आणि आता बुडाशी दगड ठोकत होता. पोरगी एका फाटक्या पोत्यावर झोपली होती.

"बाबा, आले का?" प्रेमिला म्हणाली. हात शेणामातीचे, चेहऱ्यावर काजळी, पण बापाला पाहून तिला बरं वाटलं. "काय झालं मीटिंगीत? पानी देऊन राहिले का नाई?"

"देऊन राहिले," केवळराम म्हणाला. "तळं खनून राहिले. पावसाच्या आधी."

"बापा! कुठं?"

जागेश्वरने ठोकणं थांबवलं. केवळरामने मान खाली घालून तिने सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं, ती अजून ओली होती. प्रेमिलानेही तिकडे पाहिलं. मग तिने वर, बाजाराच्या भिंतींकडे पाहिलं, आणि पुन्हा बापाकडे.

"इथंच?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली. "आपल्याले कुडव्याच्या माळावर जागा देऊन राहिले."

ती भांडली नाही, रडली नाही. त्याने ठरवून ठेवलं होतं की ती भांडली की आपणही सगळ्यांना शिव्या द्यायच्या, राजीनामा द्यायचा, लोकांना घेऊन पालिकेपुढे बसायचं. ती काही बोलली असती तर त्याने ते केलंही असतं. पण ती नुसती कोपऱ्यातल्या बांबूपाशी गेली, त्याला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि हलवू लागली.

"कायले उपटून राहिली वं?" जागेश्वर म्हणाला. "आताच तं रोवला."

"कुडव्याच्या माळावर बांबू कोन देईन? हेच न्या लागन." तिने जोर केला, बांबू निघेना, जागेश्वरने तो पक्का बसवला होता. "बाबा, उभे काऊन राहिले? धरा ना तिकडून."

केवळराम पुढे झाला आणि त्याने दुसऱ्या बाजूने बांबू धरला.